आठवा विळा

निघायच्या आदल्या संध्याकाळी बायकोने सामानाची यादी लिहून फ्रिजवर चिकटवली. टॉवेल, दाढीचं सामान, रक्तदाबाच्या गोळ्या, चार्जर, स्वेटर. प्रत्येक वस्तूपुढे खूण करायला चौकोन. सकाळी बसची वेळ झाली तेव्हा मी पेन घेतलं आणि सगळ्या चौकोनांत एका दमात बरोबरच्या खुणा करून टाकल्या. लोणावळ्याला बॅग उघडली तर आत दोन टॉवेल होते आणि स्वेटर बार्शीत खुंटीवर होता.

हे आधी सांगतो, कारण मावळात मी ज्या कामासाठी गेलो ते याच खोडीतून निघालेलं होतं. मी सर्जन आहे, वय त्रेपन्न. आसपासच्या छोट्या रुग्णालयांतल्या डॉक्टरांना आणि सिस्टरांना ऑपरेशनच्या वेळची तपासयादी कशी वापरायची, हे शिकवणारं एक दिवसाचं शिबिर लोणावळ्यात होतं आणि त्यात मला बोलायला बोलावलं होतं. न बघता खुणा करणारा माणूस यादीचं महत्त्व सांगायला निघाला होता.

लोणावळा, शुक्रवार

दिवाळी होऊन आठवडा झाला होता. बार्शीत या दिवसांत थंडी पहाटे येते आणि आठ वाजता निघून जाते. लोणावळ्याची थंडी संध्याकाळी चारला येऊन मुक्कामच ठोकते. एसटी स्टँडबाहेर शैला सिस्टर स्कूटर घेऊन उभ्या होत्या.

"सर, थंडी वाजतेय का?"

"छे, छे."

"मग दात कशाचे वाजतायत?"

स्कूटरच्या डिकीतून त्यांनी यजमानांचा स्वेटर काढून दिला. यजमान माझ्यापेक्षा अर्धा फूट बुटके असावेत. पुढचे तीन दिवस मी मनगटं उघडी टाकून हिंडलो.

शैला सिस्टर इथल्या एका लहान रुग्णालयात ऑपरेशन थिएटरच्या प्रमुख आहेत. आठ वर्षांपूर्वी त्या आणि मी तळेगावकडच्या एका रुग्णालयात एकत्र काम करत होतो. त्या काळातली एक गोष्ट आम्हा दोघांनाच माहीत होती. शिबिराचं आमंत्रण देताना फोनवर त्यांनी त्याच गोष्टीवरून अट घातली होती, "शनिवारी शिबिर आहे सर. पण रविवारी तिकोणा पेठेला यायचं. येणार असाल तरच बोलावते."

तिकोणा पेठेत हौसाबाई राहतात. आठ वर्षांपूर्वी त्यांच्या पित्ताच्या पिशवीत खडे झाले होते. दुर्बिणीने काम होईना म्हणून पोट उघडावं लागलं. पोटातलं रक्त टिपायला जाड सुती कापडाचे तुकडे लागतात, आम्ही त्यांना मॉप म्हणतो. पोट शिवण्याआधी ते सगळे मोजायचे असतात. शैला सिस्टरांनी मोजले आणि म्हणाल्या, "सर, एक कमी येतोय."

त्या दुपारी पवनेच्या काठी एका मित्राच्या बंगल्यावर जेवण होतं. मला उशीर झाला होता. मी म्हणालो, "असेल कुठेतरी बादलीत, नंतर बघू." यादीवर 'मॉप बरोबर' असं लिहिलेल्या ओळीपुढे मी स्वतः खूण केली. खाली मी सही केली, सिस्टरांनीही केली. मित्राकडचे मासे ताजे होते. ती चव अजून आठवते, याचीच जास्त लाज वाटते.

तीन महिन्यांनी हौसाबाई ताप आणि पोटदुखी घेऊन परत आल्या. मी पुन्हा पोट उघडलं. मॉप आतच होता, भोवती पू झाला होता. मी तो काढला, त्या वाचल्या. बाहेर येऊन त्यांच्या घरच्यांना मी सांगितलं, "आत पू झाला होता. पेशंट लवकर कामाला लागला की होतं असं."

हे दुसरं वाक्य पहिल्या चुकीपेक्षा वाईट होतं. पहिली चूक घाईत झाली. हे वाक्य मी हात धुताना नीट जुळवून ठेवलं होतं.

महिनाभरात सिस्टरांनी ती नोकरी सोडली. वर्षभराने मीही बार्शीला परतलो.

लोणावळा, शनिवार

शिबिर दुपारी होतं. सकाळी सिस्टरांनी मला त्यांच्या थिएटरमध्ये नेलं. खंडाळ्याकडचे एक आबा हर्नियाच्या ऑपरेशनसाठी आले होते. टेबलावर झोपलेल्या आबांना कांता मावशींनी विचारलं, "आबा, तुमचं नाव काय?" कांता मावशी थिएटरची झाडलोट आणि बाकी वरकाम बघतात.

आबा वैतागले. "कालपासनं पाच येळा इचारलंय. माजं नाव कोन चोरून नेतंय व्हय?"

"नेलं तर मी शोधून आणीन. सांगा."

आबांनी नाव सांगितलं. कशाचं ऑपरेशन, कुठल्या बाजूला, तेही त्यांच्याच तोंडून वदवून घेतलं. उजव्या बाजूला डॉक्टरांनी काल केलेली खूण होती. पण डाव्या बाजूलाही बॉलपेनने काहीतरी लिहिलेलं दिसलं. वाकून वाचलं तर 'इकडे नाही'.

"सुनंनं लिवलंय," आबा अभिमानाने म्हणाले. "शिकल्याली हाय."

मला हसू आलं. सिस्टर मात्र स्पिरिटचा बोळा घेऊन ते पुसायला लागल्या. "आबा, सुनबाईंना सांगा, हेतू चांगला होता. पण चुकीच्या बाजूला काहीच लिहायचं नाही. घाईतला माणूस अक्षर वाचत नाही, खूण दिसली की तिकडे वळतो." असं म्हणून त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं वाटलं असतं.

भूल देण्याआधी एकदा, कापण्याआधी एकदा आणि पेशंट टेबलावरून हलवण्याआधी एकदा, असं तीनदा तिथे सगळं काम थांबतं. एकजण यादी मोठ्याने वाचतो, ज्याचं काम तो मोठ्याने उत्तर देतो. वापरलेले मॉप एका स्टँडवर पाच-पाच करून टांगलेले असतात, म्हणजे खोलीतल्या कुणालाही मोजता येतात. शेवटची मोजणी कांता मावशी करतात. त्या 'बरोबर' म्हणेपर्यंत तिथला तरुण सर्जन शेवटच्या टाक्यांना हात लावत नाही. तो हातमोज्यांतले हात छातीशी धरून उभा होता आणि मावशी स्टँडपाशी बोटाने मोजत होत्या. फार तर मिनिटभर. आमच्या काळी या मिनिटाची मला केवढी घाई असायची!

दुपारी एका शाळेच्या सभागृहात साठेक माणसं जमली. मी रात्री आरशासमोर तयारी केली होती. माईक हातात आला आणि मी म्हणालो, "एका रुग्णालयात एका सर्जनकडून एकदा एक मॉप आत राहिला..." पुढचं सगळं खरं सांगितलं, फक्त तो सर्जन कोण ते सोडून. टाळ्या पडल्या. एका ताईंनी येऊन सांगितलं, "किती कळकळीने बोललात सर."

मिसळपाव खाताना शैला सिस्टर समोर येऊन बसल्या. पावाचा तुकडा रश्श्यात बुडवत म्हणाल्या, "सर, तो 'एक सर्जन' ओळखीचा वाटला. कुठे असतो हल्ली?"

मिसळ फार तिखट नव्हती, तरी मला ठसका लागला.

"उद्या नाव घ्यायचं," त्या म्हणाल्या. "आणि 'एका सिस्टरने'सुद्धा म्हणायचं नाही. मीपण सही केली होती."

संध्याकाळी मी एकटाच बाजारात हिंडलो, घरासाठी शेंगदाण्याची चिक्की घेतली. हौसाबाईंसाठी घ्यावी की नाही, या विचारात दुकानासमोर पंधरा मिनिटं उभा होतो. गुन्हा कबूल करायला जाताना चिक्की नेतात का? शेवटी घेतली नाही. परत हॉटेलवर आलो तर चष्मा दुकानाच्या काउंटरवर राहिलेला. तो आणायला गेलो आणि चिक्की घेऊन आलो.

तिकोणा पेठ, रविवार

सिस्टर स्कूटर सुरू करण्याआधीही यादी म्हणतात. "स्टँड? पेट्रोल? हेल्मेटचा पट्टा?"

"हो, हो, हो."

"सर, नुसतं हो म्हणू नका. हात लावून बघा."

हात लावला. पट्टा लोंबत होता.

कामशेतपर्यंत हायवेने आणि तिथून आत पवनानगरच्या रस्त्याने गेलो. दोन्ही बाजूला भाताची खाचरं पिवळी झाली होती, काही कापलेली, काही उभी. बार्शीच्या माणसाला एवढं पाणी आणि एवढं भात एकदम बघायची सवय नसते. आमच्याकडे रान म्हटलं की नजर पोचेल तिथपर्यंत काळं सपाट. इथे बांधाला बांध लागून जिन्याच्या पायऱ्यांसारखी छोटी छोटी शेतं आणि वर कुठून ना कुठून एखादा किल्ला डोकावत असतो. धरणाच्या काठाने जाताना मला मित्राचा तो बंगला दिसला. आता त्याला नवा रंग दिलाय. सिस्टरांनी त्या वळणावर स्कूटरचा वेग वाढवला.

हौसाबाईंच्या घराला कुलूप होतं. शेजारणीने हाताने दाखवलं, "समदी खाचरात हायती. आज त्यांची इरजिक हाय." इरजिक म्हणजे आज तुमच्या शेतात आम्ही, उद्या आमच्या शेतात तुम्ही. आमच्याकडेही अशी मदत असायची, आता मळणीयंत्राची वेळ ठरवतात.

खाचरात आठ माणसं वाकून भात कापत होती. हौसाबाई मला ओळखायला क्षणभर थांबल्या. साठीच्या असतील, बारीक, ताठ. मग एकदम ओरडल्या, "आगं बया, तळेगावचं डाक्टर! आन् शैलासिस्टर बी! बारीक झालाव की वं डाक्टर, न्हाई, स्वेटर बारीक झालाय!"

सगळे हसले. त्यांचे यजमान सोपानभाऊ पुढे आले आणि सगळ्यांना सांगू लागले, "ह्यांनी हिचा जीव वाचावला. दोनदा पोट उघाडलं, दोन्ही येळंला ह्यांनीच." मला खाली बघायलाही जागा नव्हती, पायाशी सगळी धसकटं.

मी काही बोलायच्या आत सोपानभाऊंनी हातातला विळा माझ्या हातात दिला. "कापून बगा डाक्टर. तुमाला कापायची सवय हाय."

कापलं. पाचसहा मुठी कापल्यावर कंबर बोलायला लागली. आमच्याकडे ज्वारी मुळासकट उपटतात, विळ्याचं काम कमी. इथे भाताची मूठ डाव्या हाताने धरायची आणि विळा जमिनीलगत ओढायचा, मग मुठी आडव्या ठेवून पेंढी बांधायची. माझी पेंढी बघून हौसाबाईंची जाऊ रखमाबाई म्हणाल्या, "ही डाक्टरांची पेंढी येगळी ठेवा गं, हिला टाकं घालायला लागत्याल." इतक्यात जेवायची हाक आली. मी पेंढी कशीबशी बांधून बांधावर गेलो.

भाकऱ्यांचं गाठोडं सुटलं होतं, सुकटीच्या चटणीचा वास सुटला होता, पण कुणी बसेना. हौसाबाईंनी एक पोतं अंथरलं आणि प्रत्येकजण आपला विळा त्यावर आणून ठेवायला लागला. त्या बोटाने शिवून मोजत होत्या.

"एक रखमाचा. दोन. तीन. ह्यो तुटक्या मुठीचा, चार. पाच. सहा. सात." त्यांनी मान वर केली. "सकाळी आठ इळं आणल्यालं. आठवा कुटंय?"

सगळे भुकेले होते, उन्हं चढली होती. आणि मी, देवाशपथ सांगतो, मी म्हणालो, "असेल कुठेतरी मावशी. जेवण झाल्यावर बघू."

तोंडातून वाक्य गेलं आणि मी शैला सिस्टरांकडे बघितलं. त्यांनी हातातला पाण्याचा तांब्या खाली ठेवला होता.

"न्हाई डाक्टर," हौसाबाई म्हणाल्या. "इळा घावल्याबिगर हितं कुनी घास घेत न्हाई. सासूबाईंपासनं हाय हे. पेंढ्यात इळा गेला तर तसाच वैरनीला जातो. त्या खालच्या आळीत एका म्हशीच्या पोटात पातं गेलं. चार दिस वरडत व्हती." त्या उठल्या. "चला, पेंढ्या सोडा."

सगळे परत खाचरात उतरले. एकेक पेंढी सोडायची, झाडायची, पुन्हा बांधायची. कुणाची कुरकुर नाही. रखमाबाई म्हणाल्या, "आदी डाक्टरांची पेंढी बगा, तिला तसंबी सोडायलाच पायजे." मी गुडघ्यावर बसून माझी पेंढी सोडली. विळा तिच्यात होता, मुठींच्या मधोमध, मी स्वतः बांधून टाकलेला.

मी तो घेऊन बांधावर आलो. पोत्यावर ठेवला. हौसाबाईंनी त्याला बोट लावलं, "आठ. बसा आता समदी."

मी बसलो नाही. "मावशी, एक सांगायचंय. तुमच्या पोटातसुद्धा असंच राहिलं होतं."

मग सगळं सांगितलं. मॉप किती मोठा असतो ते हाताने दाखवलं. एक कमी आहे असं सिस्टरांनी सांगितलं होतं, मी ऐकलं नाही, खोटी खूण केली. पू त्यामुळेच झाला होता. या वेळी 'एक सर्जन' म्हटलं नाही. शैला सिस्टर माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. "मावशी, माझीपण सही आहे त्यावर. मी अडून बसायला पाहिजे होतं, तुम्ही आत्ता बसलात तशी."

हौसाबाई विळ्याच्या मुठीवरची माती अंगठ्याने काढत होत्या.

"म्हंजी," त्या म्हणाल्या, "मी गवताला गेलते म्हनून न्हाई?"

"नाही मावशी."

"पंधराव्या दिशी एक भारा आणला व्हता. त्याच्यानं न्हाई?"

"त्याने नाही. तुमची काहीच चूक नव्हती. मी खोटं बोललो."

"परत सांगा."

मी परत सांगितलं. त्या ताडकन उठल्या. "अवो! हितं या आदी!" सोपानभाऊ चार हातांवरच होते, तरी त्यांना पुढ्यात उभं केलं. "डाक्टर, ह्यांच्या तोंडावर सांगा. मोठ्यानं."

मी मोठ्याने सांगितलं. मग रखमाबाईंना वेगळं सांगायला लावलं. आठ वर्षं या घरात हौसाबाईंनी हंडा उचलला की कुणीतरी म्हणायचं, डाक्टरचं ऐकलं न्हाईस, पोट घालवलंस. सासूबाई जाईपर्यंत तेच म्हणत होत्या. माझ्या एका वाक्याचं असं झालं असेल, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. मी आठ वर्षं मॉपपायी मनात कुढत होतो आणि इथे हौसाबाई एका भाऱ्याचं ओझं वागवत होत्या.

सोपानभाऊंनी टोपी काढून डोकं खाजवलं. "आता म्या काय म्हनावं?"

"तुमी आता कायबी म्हनू नका. आठ वर्सं लय बोलला."

आधी रखमाबाई हसल्या, मग बाकीचे आणि शेवटी डोळे पुसत हौसाबाईही. मी सांगितलं की तुम्हाला तक्रार करायची असेल तर करा, हेच सगळं मी सहीनिशी लिहून देतो. लगेच तिथेच लिहून दिलं. कागद म्हणून सिस्टरांच्या पिशवीत शिबिरातल्या तपासयादीच्या कोऱ्या प्रती होत्या, त्यातल्या एकीच्या पाठीवर.

हौसाबाईंनी तो कागद सोपानभाऊंकडून दोनदा वाचून घेतला आणि घडी करून कनवटीला लावला. "माफीचं इचारनार आसाल तर आज न्हाई," त्या म्हणाल्या. "मला राग आजच कळलाय, लगीच कसा जाईल? सुगी उरकूंद्या. मळनी झाली की या. तवा बगून सांगीन." मग मला ताट दिलं. "जेवा. अन्नावर राग न्हाई."

तांदळाची भाकरी, सुकट, वर इंद्रायणीचा भात. आमच्या ज्वारीच्या भाकरीच्या मानाने ही भाकरी फारच मऊ, आणि तो भात चिकट, बोटांना सोडत नाही. दोनदा वाढून घेतला. चिक्की मी निघताना दिली. रखमाबाईंनी विचारलं, "मोजून आणलीया न्हवं?"

जेवताना हौसाबाई बोटं मोजून कोणाकोणाला सांगायचं ते सांगत होत्या आणि सिस्टर दुसऱ्या प्रतीच्या पाठीवर लिहीत होत्या. एक, सोपानभाऊ. दोन, रखमा. तीन, परंदवडीचा भाऊ नामदेव. चार, हौसाबाई स्वतः. "माज्याम्होरं आता खूण नगं, राग गेला का ते मळनीनंतर बगू." मी खिशातून पेन काढलं. सिस्टरांनी ते माझ्या हातातून काढून घेतलं. "पहिल्या दोघांपुढे करते मी. तिसरा अजून व्हायचाय."

परंदवडी, संध्याकाळी

परतीला सोमाटण्याकडून परंदवडी गाठली. नामदेव जवळच्या एका कारखान्यात कामाला आहेत. रात्रपाळीला निघायच्या तयारीत होते, अंगात कंपनीचा निळा शर्ट होता. ओट्यावर उभ्या उभ्या मी सांगितलं.

हातातला डबा त्यांनी ओट्यावर ठेवला. मग म्हणाले, "भाऊबीजंला मी ताईला टोमना मारला व्हता. मागल्याच आठवड्यात." आणि नंतर, "डॉक्टर, हितनं तळेगाव धा मिन्टांवर हाय. तुमाला आठ वर्सं लागली."

त्यांनी आतून पाणी आणायला लावलं, चहाचं विचारलं नाही. आम्ही वळलो तेव्हा त्यांनी फोन लावलेला ऐकू आला, "ताई, नाम्या बोलतोय. न्हाई गं, कामावर जातोय, आदी तू ऐक..."

कोपऱ्यावर सिस्टरांनी स्कूटर थांबवली, नावांचा कागद आणि पेन माझ्या हातात दिलं. "आता करा, सर."

बार्शी

घरी आल्यावर बायकोने आधी तोकडा स्वेटर बघितला, मग तो कागद. सगळं ऐकून झाल्यावर तिने तो फ्रिजवर, तिच्या यादीशेजारी लावला. त्या रात्री ती माझ्याशी फारशी बोलली नाही. तिलाही राग आजच कळला होता.

आमच्या थिएटरमध्ये आता मॉप मोजून 'बरोबर' म्हणायचं काम आमच्या वरकामाच्या सुमन मावशींकडे आहे. पहिल्या दिवशी त्या इतक्या हळू 'बरोबर' म्हणाल्या की मी म्हटलं, "मावशी, मोठ्यानं." परवा त्यांनी मला चक्क थांबवलं आणि पुन्हा पहिल्यापासून मोजलं. सगळे होते. मी हात छातीशी धरून उभा राहिलो.

काल सोपानभाऊंचा फोन आला. मळणी झाली. "ती म्हनती, या." एवढंच. तिने काय ठरवलंय ते त्यांनाही सांगितलेलं नाही म्हणे.

सकाळची बस आहे. बायकोची नवी यादी लागली आहे, पहिल्याच ओळीत दोन स्वेटर, एक माझा आणि एक सिस्टरांच्या यजमानांना परत द्यायचा. दोन्ही बॅगेत घातले, हात लावून बघितले, मग खुणा केल्या. शेजारचा कागद काढून खिशात ठेवलाय. त्याच्यावर तीन खुणा आहेत. चौथ्या नावापुढची जागा कोरी आहे आणि या वेळी पेन मी हौसाबाईंच्या हातात देणार आहे.